पन्ह्याचा डाग

मंदामावशी गावंडे आमच्या घरी पहिल्यांदा आल्या त्या खिडकीतून. म्हणजे आधी त्यांचा आवाज खिडकीतून आला, आणि त्या स्वतः दारातून येईपर्यंत आवाजाने अर्धं काम करून टाकलं होतं.

"चोयू नका! अवं बाप्पा, चोयू नका ते!"

मी चोळता चोळता हातातलं ओलं फडकं तसंच धरून थांबले. अकोल्यात येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. अमरावतीचं घर सोडून इथल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून लागले होते. जठारपेठेच्या मागच्या एका गल्लीत तळमजल्यावरची जागा घेतली होती, आणि आयुष्यातली पहिली स्वतःची मोठी वस्तू म्हणून फिकट करड्या रंगाचा एक सोफा आणला होता. त्यावर त्या दिवशी कॉलेजातल्या एका बाईंच्या हातून चहा सांडला. त्या बिचाऱ्या ओशाळून उभ्या, आणि मी "असू द्या हो" म्हणत जीव खाऊन डाग घासतेय.

मावशी आत आल्या. पायातली एक चप्पल उंबऱ्याबाहेर राहिली, दुसरी आत आली ती उलटी पडली. त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं, त्याचा लाल काठ पाहिला आणि ते मोरीकडे भिरकावलं.

"रंगीत फडकं आपलाच रंग देते त्याले. पांढरं पायजे. सुती. आणि टिपायचं. असं. बाहेरून आत. आतून बाहेर नेलं का डाग हातपाय पसरते." मग माझ्याकडे न पाहताच, "तुमी नव्या दिसता. नाव काय? लगन झालं? नाई? बरं हाय. थंड पाणी आणा."

मी थंड पाणी आणलं. त्या गुडघ्यांवर बसून टिपत होत्या, दाबत होत्या, फडकं उलटत होत्या, पुन्हा दाबत होत्या. दहा मिनिटांत डागाचा पिवळेपणा फडक्यात उतरला. मी चहाचा आग्रह केला. त्यांनी कप घेतला, पण बसल्या नाहीत. कप घेऊन त्या पुस्तकांच्या कपाटापाशी गेल्या, खिडकीपाशी गेल्या, स्वयंपाकघरात डोकावल्या, गॅसची नळी जुनी झालीय म्हणाल्या आणि अर्धा चहा ओट्यावर ठेवून निघून गेल्या. कॉलेजातल्या बाईंनी विचारलं, "ह्या कोण?" मला माहीत नव्हतं.

पुढे कळलं, ते सगळ्या गल्लीला माहीत होतं.

मावशी एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. काचेची भांडी धुणं, बाटल्या भरणं, पोरांनी सांडलेलं पुसणं, हेच काम उभ्या नोकरीत केलं. शिक्षण नववीपर्यंतचं. पण कशाने काय निघतं आणि कशाने काय जळतं हे त्यांना तिथल्या प्राध्यापकांपेक्षा जास्त कळायचं, असं त्या स्वतःच सांगत. "ते फळ्यावर लिवत होते. मी फरशीवर पाहत होती."

नवरा वारलेला. एक मुलगी, अमरावतीला दिलेली. घरात दोन पातेली, एक दिवाण, आणि कधीही पूर्ण न उघडलेली टीव्हीची पेटी. पेटी का उघडली नाही असं विचारलं तर म्हणायच्या, "त्याच्यासमोर बसा लागते ना!" सकाळी सातला त्यांचं घर संपायचं. मग त्या निघायच्या. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात नवऱ्याच्या जुन्या बनियनचे कापलेले पांढरे तुकडे, एक दातांचा ब्रश, एक बोथट चमचा, व्हिनेगरची आणि स्पिरिटची बाटली, आणि खायच्या सोड्याचा डबा. गल्लीत कुणाकडे काही सांडलं की हाक यायची. नाही आली तर त्या हाक यायची वाट पाहत नसत. दार उघडं दिसलं की शिरत, सोफ्याच्या हातांवरून बोट फिरवत, "हे तेल कोणाच्या डोक्याचं?" असं विचारत. लोक चिडायचे. पण सोफा स्वच्छ व्हायचा, म्हणून चिडून गप्प बसायचे. पैसे मात्र त्या कुणाकडून घेत नसत. कुणी देऊ केले तर रागावत नसत, ऐकूच आलं नाही असं करत.

त्यांच्या तोंडी 'ळ' नव्हताच. हळदीला हयद, डोळ्याला डोया. माझ्या अमरावतीच्या कानालाही त्यांची भाषा कधीकधी दणका द्यायची, कारण त्या प्रत्येक वाक्य निघायची घाई असल्यासारखं बोलत. रक्ताचा डाग असला तर "गरम पाणी लावशीन तं मेलीस." शाई असली तर "स्पिरिट, पण थेंब थेंब, आंघोय नाई घालाची त्याले." आणि कोणताही डाग असला तरी, "कवा पडला? आत्ता? मंग बोलत काहून राहिली, हात चालव!"

पलीकडच्या घरात एकदा मुलीला हळद लागली आणि पाहुण्यांच्या गर्दीत पिवळे हात पांढऱ्या खुर्चीच्या गादीला पुसले गेले. कुणीतरी शहाणपणाने साबण लावला. डाग लालभडक झाला. नवरीची आई घाबरली, कुंकवासारखा लाल डाग, अपशकुन म्हणून रडू लागली. मावशी मांडवातून वाट काढत आल्या आणि तिला म्हणाल्या, "अपशकुन नाई बाई, साबण हाय. हयदीले साबण लागला का ते लालच होते. आमच्या लॅबमंदी पोरायले हेच शिकवत." त्यांनी गादी धुतली, गच्चीवर नेली आणि उन्हात उताणी टाकली. बस. दुसरं काही नाही. दोन दिवसांच्या उन्हाने हळद फिकी होत होत गेली. पण ते दोन दिवस मावशी तासातासाला गच्चीवर चढत होत्या. ऊन आपलं काम करत होतं, ह्यांना मात्र ते एकट्याने करतंय हे सहन होत नव्हतं.

हाच उतावीळपणा त्यांना एकदा महागात पडला.

आमच्या समोर बोंडेकाकू राहत. त्यांच्याकडे माहेरून आलेला मखमली सोफा होता, गडद जांभळट लाल. काकू तो दिवाळीलाच उघडत, एरवी चादरीखाली. एका दिवाळीत त्याच्या बैठकीवर कॉफी सांडली. काकू बाजारात गेल्या होत्या. घरी त्यांचे यजमान होते आणि त्यांनी मावशींना हाक मारली. काकू यायच्या आत डाग गेलेला असावा, असं दोघांनाही वाटलं. व्हिनेगरने डाग हलेना. मावशींनी घरून ब्लीचिंगचं पाणी आणलं. पिशवीत ते कधी नसायचं. त्या दिवशी आणलं.

डाग गेला. त्याबरोबर तळहाताएवढा रंगही गेला. जांभळट मखमलीत एक गुलाबी चट्टा.

काकू आल्या, त्यांनी पाहिलं. चादर घातली आणि आत गेल्या. मी तेव्हा दारात होते. मावशींचे हात मी पहिल्यांदा थांबलेले पाहिले. दोन्ही हात ओल्या फडक्यासह पुढे धरलेले, जणू त्यांत काहीतरी आहे जे खाली ठेवायला जागा नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती गादी उचलून ऑटोत घातली आणि बशीरभाईंच्या दुकानात नेली. बशीरभाई सोफ्याचे जुने कारागीर, कानामागे पेन्सिल, तोंडात बारीक खिळे धरून बोलायची सवय. मी सोबत गेले होते. त्यांनी चट्ट्यावर अंगठा फिरवला, खिळे हातात काढले.

"किसने किया ये?"

"मीनं," मावशी म्हणाल्या.

"पीछे का कोना देखा था पहले? जहां किसी की नजर नहीं जाती, वहां एक बूंद डाल के?"

"नाई."

"क्यूं नहीं देखा?"

मावशींनी गादीची शिवण चाचपली. मग म्हणाल्या, "घाई होती."

"बाई, कपडे को घाई नहीं होती," बशीरभाई म्हणाले. रागाने नाही, पण मऊपणानेही नाही. "तुमको होती है. कपडा तो बैठा है, कहां जाएगा?"

त्या रंगाची मखमल अकोल्यात मिळेना. शेवटी बशीरभाईंनी काकूंच्या घरी येऊन सोफ्याच्या पाठीमागचा, भिंतीकडे असणारा तुकडा सोडवला आणि बैठकीला लावला. पाठीला दुसरं कापड. हे काम तीन दिवस चाललं आणि मावशी तिन्ही दिवस त्या दुकानात उभ्या होत्या. कापूस कसा भरतात, शिवण कुठून उसवायची, कोणतं कापड पाणी पितं आणि कोणतं पीत नाही, सगळं विचारून त्यांनी बशीरभाईंना भंडावून सोडलं. परत आल्या तेव्हा त्यांचं एक नवं काम सुरू झालं: कुठल्याही डागाला हात लावण्याआधी मागचा कोपरा ओला करायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. ती पाच मिनिटं त्यांना फार जड जायची. घड्याळाकडे बघत त्या खोलीभर फिरायच्या. पण थांबायच्या.

बोंडेकाकूंनी गादी घेतली, चहाही दिला. पण त्यांच्या मनात ते राहिलं. "चांगल्या आहेत हो, पण धसमुसळ्या," असं त्या मला म्हणायच्या.

मग माझे बाबा आले.

बाबा बार्शीटाकळीच्या शाळेत गणित शिकवत आणि मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले. मी शिकायला अमरावतीला गेले ती तिकडचीच झाले, आणि आई गेल्यावर ते गावात एकटेच राहिले होते, आग्रह करूनही हलले नाहीत. पण अर्धांगाचा एक सौम्य झटका आला आणि मी त्यांना जवळजवळ उचलूनच अकोल्याला आणलं. उजवा पाय ओढत चालायचे. बोलणं स्वच्छ होतं, डोकं त्याहून स्वच्छ. दिवसभर सोफ्याच्या एका टोकाला ताठ बसून ते वर्तमानपत्रातली कोडी सोडवत. ज्या माणसासमोर उभं राहायला सगळं गाव टरकायचं, तो माणूस आता मला विचारून उठायचा.

मावशींची आणि त्यांची ओळख खडूमुळे झाली. बाबांनी शाळेतून आणलेली खडूंची एक पेटी अजून जपून ठेवली होती. तेलाच्या डागावर खडूची पूड टाकली की ती तेल ओढून घेते, हे मावशींना माहीत होतं, आणि बाबांकडे पेटी आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं.

"गुरुजी, दोन खडू द्या."

"कशाला?"

"तेलाले प्याले देतो."

बाबा हसले. आजारानंतर मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हा. त्यांनी मोजून दोन खडू दिले. मग रोज सकाळी मावशी खडू मागायला येऊ लागल्या. इतकं तेल अख्ख्या जठारपेठेत सांडत नसेल.

खरं कारण मला उशिरा उमगलं. झटक्यानंतर बाबांचा लघवीवरचा ताबा सुटत चालला होता. नेहमी नाही, अधूनमधून. ते मला सांगत नसत. मी कॉलेजातून आले की सोफ्याच्या त्या टोकावर टॉवेल पसरलेला असे, आणि बाबा "घाम येतो" म्हणत. मी मानत होते, किंवा मानल्यासारखं करत होते. मावशींना मात्र पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्या मी नसताना येत, गादी काढत, व्हिनेगरच्या पाण्याने टिपत, सोडा भुरभुरवत, वाळवून परत लावत. आणि तेवढा वेळ बाबांना पाढे विचारत. पावणेदोनचे, अडीचचे. बाबा डोळे मिटून म्हणत जात. एकदा त्यांनी गादीवर रेग्झिन घातलं, वरून सुती चादर. "उन्हायात गार लागते," म्हणाल्या. बाबांनी पुढचा पाढा सुरू केला.

त्या मे महिन्यात बाबांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की सरांचा सत्कार करायचा. हॉल वगैरे बाबांना झेपणार नाही म्हणून घरीच. सहाजण येणार होते. त्यांचा पुढारी प्रमोद इंगळे. तो बोंडेकाकूंच्या बहिणीचा मुलगा निघाला, त्यामुळे काकूही येणार. बाबा सकाळपासून बेचैन होते. तीनदा सदरा बदलला. दाढी दोनदा केली. आणि मला म्हणाले, "ते रेग्झिन काढ. आवाज करतं. लोक काय म्हणतील."

मी काढलं. मला ते काढायला नको होतं, पण त्यांच्या आवाजात इतक्या दिवसांनी मुख्याध्यापक आला होता.

माणसं आली. पन्नाशीतली, पोटं सुटलेली माणसं, एकेकाच्या डोक्यावर टक्कल, आणि सगळी बाबांसमोर हात बांधून. हार, नारळ, शाल. एकाने भाषण केलं. एकाने बाबांनी मारलेल्या छडीची आठवण सांगितली आणि सगळे हसले. बाबा खुलले होते. मी स्वयंपाकघरातून पन्ह्याचे पेले भरत होते आणि मावशी ते ट्रेमधून बाहेर नेत होत्या. त्यांना घरी बसा म्हटलं असतं तरी त्या बसल्या नसत्या.

मग प्रमोद म्हणाला, "सर, आता जरा उभे राहा. शाल पांघरतो. फोटो काढायचाय."

बाबा उठले नाहीत.

"सर?"

मी दारातून बाबांचा चेहरा पाहिला. मला कळलं. ते ताठ बसले होते, दोन्ही हात मांडीवर, सदऱ्याचं टोक गच्च धरून, आणि नजर समोरच्या भिंतीवर. प्रमोदने त्यांच्या दंडाला हात घातला. "चला सर, आम्ही धरतो." दुसरा पलीकडून पुढे आला. सगळे हसतमुखाने उभे होते. एकाने फोन वर धरला होता. माझ्या हातात चमचा होता आणि मी तो पेल्यात फिरवत राहिले.

मावशी ट्रे घेऊन त्यांच्यामध्ये शिरल्या. मी त्यांचे हात स्पष्ट पाहिले. घसरले नाहीत. त्यांनी ट्रे बाबांच्या बाजूला, त्यांच्या मांडीकडे सावकाश तिरपा केला, आणि चारही पेले पन्हं बाबांच्या अंगावर, सोफ्यावर ओतलं.

"अवं माय! माह्या हाताले काय झालं!" मावशी ओरडल्या. "फुटलं माह्यं नशीब! गुरुजी, गुरुजी, माफी करा. सरका तुमी सगळे, काचा हायेत खाली! सरका म्हनतो ना!"

सगळे मागे सरले. प्रमोदच्या पँटवर पन्हं उडालं होतं. "बाई, जरा बघून तरी!" तो म्हणाला. मावशींनी त्याचं ऐकलंही नाही. त्यांनी शाल उचलून बाबांच्या कमरेभोवती गुंडाळली, त्यांना काखेतून धरलं आणि आतल्या खोलीत नेलं. दार लावलं. बाहेर बोंडेकाकू हलक्या आवाजात म्हणाल्या, "ह्यांचं असंच आहे. आमच्या सोफ्याचं काय केलं होतं, माहितीय ना?"

पंधरा मिनिटांनी बाबा कोरडं धोतर नेसून बाहेर आले. फोटो निघाले. त्यांत बाबा उभे आहेत, शाल नाही.

पाहुणे गेल्यावर मी आतल्या खोलीत गेले. बाबा पलंगावर बसले होते आणि मावशी सोफ्याची गादी काढून मागच्या अंगणाकडे नेताना दारात थांबल्या होत्या. बाबा म्हणाले, "मंदाबाई, ते जे…"

"पन्ह्याचा डाग हाय, गुरुजी," मावशी म्हणाल्या. "गुयाचं पन्हं होतं. लवकर निंघते."

मागच्या अंगणात त्या गादी धूत होत्या तेव्हा मी त्यांच्याशेजारी बसले. मला धन्यवाद म्हणायचे होते. त्यांनी बोलू दिलं नाही. घासत नव्हत्या, टिपतच होत्या, पण हात नेहमीपेक्षा जोरात चालले होते. एकदाच नवऱ्याबद्दल म्हणाल्या, "आमच्या घरच्या मानसाले एकदा असंच उठाले लावलं होतं. दवाखान्यात. सगळ्यायच्या समोर. मी उभी होती तठी. पाहतच राहिली." आणि मग, "सोडा आन वरून. बसून काय राहिली?"

इथवर मी हे आनंदाने सांगू शकते. पुढचं सांगताना मला अजून जागेवर बसवत नाही.

गल्लीत बोललं जाऊ लागलं. मावशींचा हात थरथरतो. वय झालं. चांगल्या समारंभात गुरुजींच्या अंगावर ट्रे उलटा केला. बोंडेकाकूंनी मखमलीची गोष्ट नव्याने सांगितली. कुणी वाईटपणाने नाही, काळजीच्या सुरातच सांगायचं. पण हाका बंद झाल्या. दारं त्या येताना दिसल्या की ओढली जाऊ लागली. "आत्ता नको मावशी, पाहुणे आहेत." "आम्ही माणूस बोलावलाय मावशी, मशीनवाला."

मावशी सकाळी सातला पिशवी घेऊन निघायच्या आणि सव्वासातला परत यायच्या. मग स्वतःचेच पडदे काढून धुवायच्या. पडदे वाळले की पुन्हा धुवायच्या. गल्लीच्या टोकाला सिमेंटचा बाक होता, तो त्यांनी घासून इतका पांढरा केला की त्यावर कुणी बसेना. ज्या बाईला पाच मिनिटं रिकामी जड जायची, तिच्यापुढे अख्खे दिवस येऊन पडले होते.

मी म्हटलं, "मावशी, मी सांगते सगळ्यांना."

"काय सांगशीन? गुरुजींचं सांगशीन? तोंड उघडून तं पाय तू!"

मी तोंड उघडलं नाही. खरं सांगायचं तर त्यांनी मना केलं हे मला बरंच वाटलं. बाबांची अब्रू राहत होती, आणि किंमत दुसरंच कुणीतरी मोजत होतं. कॉलेजातून येताना मी त्यांच्या घरावरून जायचं टाळू लागले, मागच्या बोळातून यायचे. असे पाच आठवडे गेले.

बाबांना हे कसं कळलं ते मला ठाऊक नाही. ते घराबाहेर पडत नसत, पण खिडकीत बसत. गणिताच्या माणसाला कोण कधी गेलं आणि किती वेळात परत आलं एवढं दिसलं तरी पुरतं. एका रविवारी सकाळी ते मला म्हणाले, "प्रमोदला फोन लावून दे."

मी लावून दिला. मला वाटलं, सत्काराचे आभार मानायचे असतील.

"प्रमोद, मी बोलतोय. लिहून घेण्यासारखं नाही, पण नीट ऐक." आवाज वर्गातला होता. "त्या दिवशी बाईंच्या हातून पन्हं सांडलं नाही. त्यांनी ते मुद्दाम सांडलं. मी बसल्या जागी ओला झालो होतो, आणि तुम्ही मला उभं करत होतात. समजलं?" पलीकडून काहीतरी बोलणं झालं. "नाही, तुझी चूक नाही. तुला माहीत नव्हतं. पण आता माहीत झालंय. तर तुझ्या मावशीला, बोंडेबाईंना सांग. आणि तू ज्यांना ज्यांना ते दुसरं सांगितलं असशील त्यांना हे सांग. लाजू नकोस. मी लाजत नाही, तू कशाला लाजतोस?"

त्यांनी फोन ठेवला. मी त्यांच्याजवळ गेले तर म्हणाले, "पाणी दे." पाणी प्यायले. मग वर्तमानपत्र उघडलं आणि ते उलटं धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोंडेकाकू मावशींच्या दारात उभ्या राहिल्या. हातात एक उशी होती. त्यांनी ती या हातातून त्या हातात घेतली. शेवटी म्हणाल्या, "हिच्यावर आमटी सांडलीय." मी खिडकीतून पाहत होते. मावशींनी उशी घेतली, फिरवली, मागचा कोपरा पाहिला. "आमटी परवाची हाय ही. दोन दिवस झोपल्या होत्या का?" आणि काकूंना दारातच ठेवून पाणी आणायला आत गेल्या.

पण बाबांवर त्या जाम भडकल्या. तरातरा आल्या, खडू मागितले नाहीत.

"गुरुजी, काहून सांगतलं तुमी? मीनं कोणासाठी केलं मंग ते?"

"बसा आधी."

"बसत नाई मी!"

"बरं, उभ्या राहा," बाबा म्हणाले. "मंदाबाई, मी पोरांना आयुष्यभर एकच सांगितलं. उत्तर बरोबर आलं तरी मधली पायरी खाल्ली तर मी मार्क देत नाही. आता मीच कशी खाऊ?"

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पदराने नाक पुसलं. "तुमचं गनित तुमच्यापाशी ठेवा," म्हणाल्या आणि सोफ्याची गादी दाबून बघत, ती कोरडी आहे अशी खात्री करून निघून गेल्या.

बाबा त्यानंतर दीड वर्ष जगले. शेवटचे काही महिने ते पलंगावरच होते आणि मावशी रोज येत होत्या. ते गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलं, आणि मावशी सगळ्यांच्या मागे, अंगणात, चादरी भिजवत होत्या.

पुढच्या वर्षी त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. पिवळा आणि पांढरा ओळखू येईना. मुलगी अमरावतीहून आली आणि म्हणाली, आता माझ्याकडे चल. मावशी दोन महिने भांडल्या आणि मग अचानक हो म्हणाल्या. तिकडे त्या फार राहिल्या नाहीत. पावसाळ्यात ताप आला, निमित्त झालं. मला त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या वाचनालयात होते, आणि मी जागेवरून उठून पुस्तकांच्या रांगांमधून नुसती चालत राहिले.

पण मला त्या आठवतात त्या निघाल्या त्या दिवशीच्या.

मुलीची गाडी गल्लीत लावलेली होती. सामान म्हणजे दोन पिशव्या आणि ती न उघडलेली टीव्हीची पेटी. निघायच्या दिवशीसुद्धा त्यांनी सकाळी मागच्या घरातल्या नव्या भाडेकऱ्यांच्या खुर्चीची गादी धुतली होती आणि माझ्या अंगणातल्या कट्ट्यावर वाळत टाकली होती. गल्लीतल्या बायका जमल्या. बोंडेकाकू रडल्या. मावशी कुणालाच धड भेटू देत नव्हत्या, गाडीत बस, उतर, पाण्याची बाटली राहिली, पुन्हा बस, असं चाललं होतं. मी कितीतरी दिवसांपासून त्यांना एक गोष्ट सांगायचं ठरवत होते. त्या पाच आठवड्यांबद्दल. बोळातून जाण्याबद्दल. पण गाडी सुरू झाली.

ती गल्लीच्या टोकाला पोहोचली आणि थांबली. मागचं दार उघडलं. मावशी उतरल्या आणि निऱ्या वर धरून, जवळजवळ पळत, माझ्याकडे परत आल्या. धाप लागली होती. मला वाटलं, आता त्याच काहीतरी बोलतील. मीही तोंड उघडलं.

"वैशाली," त्या म्हणाल्या, "ते गादी चार वाजता पलटवजो. एकाच बाजूनं वायली तं पान्याचा डाग पडते. कडेनं गोल."

"हो मावशी."

"विसरशीन तू. पुस्तकात बसली का तुले कायची शुद्ध राहते? फोनमंदी अलारम लाव."

मी फोन काढला. त्या समोर उभ्या राहून पाहत होत्या, आकडे त्यांना दिसत नसणार, तरी पाहत होत्या. चारचा गजर लावला. त्यांना दाखवला. तिकडे गाडीने हॉर्न दिला. "मावशी," मी म्हटलं, "मला तुम्हाला…"

"मंग सांग. फोन कर," म्हणत त्या वळल्यासुद्धा. तशाच निऱ्या धरून गेल्या, दार आपटलं, गाडी अमरावतीच्या रस्त्याकडे वळली. वळताना मागच्या खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला. बायकांना वाटलं त्या निरोप घेतायत, म्हणून सगळ्यांनी हात हलवले. पण मावशी हात हलवत नव्हत्या. तळवा वर, तळवा खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली, गादी कशी पलटायची ते त्या मला दाखवत होत्या, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.